बुडालेला वजीर आणि देवरूखची ओहोटी

मालिनीबाई करंबेळकर नवऱ्याला सोडून गेल्या, ही बातमी पाखाडीच्या खालच्या टोकाला सकाळी फुटली आणि पायऱ्या चढत वर पोचेपर्यंत तिने चांगलं बाळसं धरलं. खाली ती होती एवढीशी, की बाई पिशवी घेऊन रिक्षात बसल्या. मधल्या वळणावर तिला एक भांडण येऊन चिकटलं. वर आली ती कारणासकट आली: हरिभाऊंनी बुद्धिबळात बायकोचा वजीर बुडवला, म्हणून बाई वयाच्या चौसष्टाव्या वर्षी संसार टाकून गेल्या. पटावरची घरं चौसष्ट आणि बाईंचं वयही चौसष्ट. इतकी जमून आलेली बातमी खोटी ठरवायचा उत्साह कोणाला असणार?

बातमीचा उगम म्हणजे विनोद रिक्षावाला. पाखाडीच्या पायथ्याशी त्याची रिक्षा उभी असते, आणि आल्यागेल्याची नोंद ठेवायला सरकारने माणूस नेमलेला नाही ही उणीव तो स्वतः भरून काढतो. त्यानेच मालिनीबाईंना एसटी स्टँडवर सोडलं. "एका हातात पिशवी आणि काखेत बुद्धिबळाचा पट," तो सांगत होता. "पट! बाई माहेरी जाताना दागिने नेते, ह्यांनी पट नेला. म्हणजे समजा."

आता वजीर मारतात, बुडवत नाहीत, हे बुद्धिबळ खेळणारा कोणीही सांगेल. पण हरिभाऊंच्या बुद्धिबळात वजीर बुडतो. तेवढ्यासाठी थोडं मागे जायला हवं.

हरिहर करंबेळकर जन्मभर बांधकाम खात्यात आरेखक होते. जिल्ह्यातल्या निम्म्या मोऱ्या आणि साकव त्यांनी कागदावर आधी बांधले. अक्षर असं, की लग्नाच्या पत्रिकेची पाकिटं लिहायला लोक त्यांच्याकडे येत. निवृत्तीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पाखाडीच्या पायऱ्या उतरणं बंद झालं. घर खाडीकडे तोंड करून बसलेलं, पडवीतून भाट्याचा पूल दिसतो, त्याखालचं पाणी दिसतं. ते पाणी बघून बघून एका दुपारी त्यांनी बुद्धिबळाच्या पटावरच्या मधल्या दोन ओळी निळ्या रंगवल्या आणि म्हणाले, "मालिनी, ही खाडी."

"मग होडी कुठाय?" मालिनीबाई म्हणाल्या.

हा खेळ आपण शोधला असं हरिभाऊ जगाला सांगत. होडी कोणाची, हे जगाने विचारलं नव्हतं.

तर असा झाला 'खाडीचा डाव'. सोंगट्या त्याच, चाली त्याच, मध्ये पाणी. दोघांना एकेक होडी, म्हणजे शर्टाचं एकेक मोठं बटण. भरती असली की खाडीत पाऊल टाकता येत नाही, काठावरून होडीत बसायचं, होडी हाकायची आणि पलीकडे उतरायचं. ओहोटी असली की होड्या चिखलात रुततात आणि सोंगट्या आपापल्या चालीने खाडीतून चालत जातात. आणि चालत असताना भरती लागली, तर खाडीतली प्रत्येक सोंगटी बुडाली. प्यादं असो नाहीतर वजीर असो.

खेळ खरंच छान होता. खेळायला येणारे मात्र एकदाच येत. कारण हरिभाऊ हरायला लागले की एखादा नवा नियम वर यायचा, ओहोटीला खडक वर येतो तसा. "नाही नाही, उंट होडीत तिरकाच उतरतो," किंवा "घोडा होडीत बसत नाही, पोहतो. ते मी धरूनच चाललो होतो." समोरचा म्हणे, "आधी सांगितलं नाहीत." हरिभाऊ म्हणत, "त्यात सांगायचं काय?" वरच्या घरातले आप्पा, साधं बुद्धिबळ पन्नास वर्षं खेळलेले, एक डाव खेळून उठले आणि जाता जाता म्हणाले, "बुद्धिबळात पाणी कसलं घालतोस रे? दुधात घालतात ते कमी आहे?" शेवटी उरल्या मालिनीबाई. त्या खेळतही आणि बोलतही; मात्र बोलणं एकतर्फी, कारण पटावर डोळे लागले की हरिभाऊंचं उत्तर एकच: "हं." गॅस संपला, हं. लाइट गेली, हं.

मग आशेचा एक किरण पायऱ्या चढून आला. स्वरूप म्हणून एक मुलगा गावात बुद्धिबळाचा क्लास चालवतो. तो म्हणाला, "काका, मेच्या शिबिरात मुलांना तुमचा खेळ शिकवतो. पण नियम एका कागदावर द्या. पाठपोट चालेल. आणि कागद असा हवा, की तुम्ही तिथे नसलात तरी चालेल."

"नसलो तरी? मी येतो ना. डोली करून येईन."

"काका," स्वरूप नम्रपणे म्हणाला, "तुम्ही यायचं नाही, हीच अट आहे. गेल्या वेळी मी इथे वर आणलेली बारा वर्षांची मुलगी जिंकत होती, आणि तुम्ही म्हणालात की पौर्णिमेला राजाला दोन चाली असतात."

हरिभाऊंना ते लागलं, पण आमिष मोठं होतं. पायऱ्या उतरता येत नाहीत, वर कोणी येत नाही. आपण गेल्यावर त्या निळ्या पटात कोणी शेंगदाणे बांधून नेईल, ही भीती त्यांना रोज संध्याकाळी पाणी बघताना वाटे. चाळीस मुलं खेळली तर खेळ उरला. नाहीतर तो दोन म्हाताऱ्यांचा पडवीतला वेडेपणा.

त्यांनी नियम लिहायला घेतले. पहिला खर्डा अकरा पानांचा झाला. त्यातली दोन पानं खाडीच्या वर्णनाची. तिसऱ्या पानावर सोंगट्या बुडत होत्या आणि होडी म्हणजे काय हे सहाव्या पानावर येत होतं. मालिनीबाई टेलिफोन ऑफिसात नोकरीला होत्या. माणसं बोलतात काय आणि त्यांना सांगायचं असतं काय, याचा त्यांना तीस वर्षांचा सराव. त्यांनी चष्मा लावला.

"'होडी नेहमीप्रमाणे काठाला लागते.' कोणाच्या नेहमीप्रमाणे?"

"आपल्या."

"ती मुलं आपल्या घरी राहतात का? आणि हे, 'अर्थातच राजा बुडत नाही.' अर्थातच का? पोहणं शिकलाय?"

"अगं, राजा बुडला तर डाव संपला!"

"मग तसं लिहा. डाव कसा संपतो, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही."

असे चार खर्डे झाले. चौथा दोन पानांवर आला. आणि मग आली हनुमान जयंती. सुंठवडा खाऊन संध्याकाळी दोघं पडवीत खेळायला बसली. ओहोटी होती, मालिनीबाईंचा वजीर खाडीच्या मधोमध होता, एका चालीत पलीकडे जाऊन शह देणार होता. हरिभाऊंनी मान वर केली, पुलाखाली बघितलं आणि म्हणाले, "भरती लागली."

"लागली कुठे? तो खडक अजून उघडा आहे."

"पाणी थांबलेलं ते हललं. बघ, होड्यांची तोंडं फिरली." आणि त्यांनी वजीर उचलला.

मालिनीबाईंनी खाडीकडे पाहिलं, मग पंचांगाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "तुम्ही तिथीवरून भरतीची वेळ काढून खेळायला बसता," त्या म्हणाल्या.

"हं," हरिभाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पिशवी भरून पडवीत आल्या. हरिभाऊंनी जास्तीचा एक पट रंगवला होता तो त्यांनी काखेत मारला, चौथ्या खर्ड्याची घडी पर्समध्ये घातली. "देवरूखला जातेय भार्गवीकडे. आठ दिवस लागतील. डाळ-तांदूळ काढून ठेवलेत." भार्गवी ही त्यांची धाकटी बहीण. हरिभाऊ पाचवा खर्डा लिहीत होते. ते "हं" म्हणाले. बाई दहा पायऱ्या उतरल्यावर हरिभाऊंच्या डोक्यात उजेड पडला. वजीर!

पुढचे दोन दिवस हरिभाऊंनी स्वतःशी भांडण केलं. आधी वाटलं, एका वजिरावरून कोणी जातं का? मग वाटलं, एका वजिराचं नसणार ते, चाळीस वर्षांच्या 'हं'चं असणार. फोन करावासा वाटे, पण म्हणायचं काय? वजीर परत देतो?

इकडे बातमी फुलत होती, आणि पाखाडीवरच्या माणसांना हरिभाऊंबद्दल एकाएकी अतोनात माया वाटू लागली. महिनोन्‌महिने ज्यांनी त्या पडवीला पाय लावला नव्हता, ते सांत्वनाला यायला लागले. पहिला विनोद.

"काका, बरं आहे ना?" त्याने डोळे बारीक करून आत नजर टाकली. काकूंची साडी दोरीवर आहे की नाही, हे बघत होता मेला.

हरिभाऊ ओशाळले आणि त्यांनी हाताशी होता तो कागद पुढे केला. "हे जरा वाच."

विनोदला वाटलं, काकूंची चिठ्ठी! त्याने झडप घातली. "'खाडीचा डाव. दोन खेळाडू...'" त्याचा चेहरा पडला. पण उठून जावं तर बातमी अर्धी राहते. बसला. वाचता वाचता म्हणाला, "काका, होडीत माणसं किती?"

"एक."

"लिहिलेलं नाय कुठं. मी तर आठी प्यादी भरली असती. रिक्षात भरतोच की."

हरिभाऊंनी पेन उघडलं. रिक्षावाल्याने विचारलेला हा प्रश्न त्यांना चार खर्ड्यांत सुचला नव्हता. विनोद गेल्यावर त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली: 'होडीत एका वेळी एकच सोंगटी.' त्यांना कळलं, की लोक घरचं भांडण हुंगायला येणार आहेत, आणि आपल्याला वाचणारी माणसं हवीच आहेत. तेव्हापासून त्यांनी कोणाकडेही बातमीचा इन्कार केला नाही. उलट कोणी पायऱ्या चढताना दिसलं की चेहरा जरा उतरवून बसत. माणूस टेकला की कागद पुढे.

शेजारची अक्षया बँकेतून आल्यावर कुळथाची पिठी आणि भाकरी घेऊन यायची. तीही फुकटची नव्हे; जेवण वाढता वाढता, "काका, काकूंचा फोन?" हे असायचंच. तिला त्यांनी कागद दिला तेव्हा तिने वाचून विचारलं, "यात सुरुवात कुठाय? मी पट मांडून बसले, आता पहिली गोष्ट काय करू?" म्हणून मांडणी सगळ्यात वर गेली. मग डाव कसा जिंकायचा. मग होडी. बुडणं सगळ्यात शेवटी. आप्पासुद्धा आले. आपण हरिहरला दोन शब्द सुनवायला आलो आहोत अशा आवेशात आले आणि अडीच तास बसले.

"राजा होडीत आहे," आप्पा गरजले. "माझ्या हत्तीची सरळ रेघ त्याच्यावर. शह की नाही? कागद काय म्हणतो?"

"अर्थातच..."

"अर्थातच नको. कागद!"

कागद काहीच म्हणत नव्हता. हरिभाऊंनी लिहिलं: 'होडीतल्या राजालाही शह बसतो.' आणि गंमत म्हणजे त्या नियमाने ते स्वतः त्याच डावात हरले. आप्पा पायऱ्या चढताना गुणगुणत होते म्हणतात.

पंचमीला फोन वाजला. मालिनीबाई. हरिभाऊंनी मनात माफीची तीन वाक्यं जुळवली होती. पण बाईंनी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "ओहोटी कधी लागते?"

हरिभाऊंना हायसं वाटलं. "आज पंचमी. साडेतीनच्या पुढे लागेल."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? खाडीत."

"मी देवरूखला आहे. भार्गवीच्या माडीवर पट मांडलाय. खिडकीतून समोर फणस दिसतो. आता ह्या फणसाला ओहोटी कधी लागते, तेवढं सांगा."

हरिभाऊंच्या तोंडून 'हं'सुद्धा निघेना. पाच खर्डे, निम्म्या पाखाडीच्या शंका, आणि एकानेही हे विचारलं नव्हतं. कारण प्रत्येकजण पडवीत बसून मान वर करायचा आणि पुलाखाली बघायचा. स्वतः मालिनीबाईंनी इतके डाव खेळून हे विचारलं नव्हतं. कागदावर लिहिलं होतं 'ओहोटी लागली की'. बस्स. हा खेळ जगात फक्त एका घरात खेळता येत होता, आणि तो चाळीस मुलांना द्यायला निघाले होते हरिभाऊ.

"अहो, आहात का?"

"आहे. मालिनी, हे... हे फार मोठं आहे गं."

"भार्गवी म्हणते, तुझ्या नवऱ्याने खाडी बरोबर द्यायला हवी होती. बरं, ठेवते. औषध घालायची वेळ झाली."

कसलं औषध, हे विचारायचं हरिभाऊंच्या मनातही आलं नाही. त्यांच्या डोक्यात पाणी भरत होतं.

त्या संध्याकाळी पडवीत सभाच भरली. विनोद म्हणाला, मोबाईलवर भरती-ओहोटी बघायची. आप्पा म्हणाले, मुलांच्या हातात मोबाईल द्यायचा तर बुद्धिबळ कशाला? अक्षयाने जेवणाची भांडी आवरता आवरता दोन वाट्या पुढे केल्या. "काका, एका वाटीत चिंचोके भरा. दर चालीला एक चिंचोका ह्या वाटीतून त्या वाटीत. ही रिकामी झाली की ओहोटी. मग उलट टाकत यायचं, परत भरली की भरती."

हरिभाऊंनी दोन्ही वाट्या जवळ ओढल्या. भरती म्हणजे भरलेली वाटी. लहान पोरालाही दिसेल, आणि कोणालाही पंचांग बघून बसता येणार नाही. त्या 'कोणालाही'मध्ये आपण स्वतःही आलो, हे त्यांना जरा झोंबलं. पण मग हसूच आलं. चिंचोके सोळा ठरले. आप्पांनी पहिली चाल केली, पहिला चिंचोका टाकला. पाखाडीवरच्या त्या पडवीत पहिल्यांदाच कोणी मान वर करून खाडी बघितली नाही. बिचारी आपली आपली भरत होती.

आठ दिवसांनी मालिनीबाई पायऱ्या चढून आल्या तेव्हा पडवीत दोन पट मांडलेले होते, चार माणसं खेळत होती, आणि दोन नुसतीच शंका काढायला बसली होती. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. बाई परत आल्या! विनोद तर उठून उभा राहिला, म्हणजे पुढचं नीट दिसावं म्हणून.

"चहा झालाय का कोणाचा?" मालिनीबाईंनी विचारलं आणि आत गेल्या.

हरिभाऊ काठी टेकत मागोमाग गेले. कागदाचा नववा खर्डा त्यांनी पुढे केला. बाईंनी उभ्याउभ्याच वाचला, पाठपोट. "कळतं," त्या म्हणाल्या. टेलिफोन ऑफिसातल्या बाईंकडून याच्यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही. हरिभाऊंना त्यांना खूप काही सांगायचं होतं. तोंडाने ते जमत नाही, म्हणून त्यांनी ते कागदाच्या तळाला लिहायचं ठरवलं आणि तसाच कागद स्वरूपकडे धाडला.

शिबिराला हरिभाऊ जाणार नव्हतेच. स्वरूपने मोबाईलवर दाखवलं. चाळीस मुलं, वीस पट, वाट्यांमध्ये चिंचोके. एक मुलगी कमरेवर हात ठेवून समोरच्याला म्हणत होती, "कागदात बघ. होडीत एकच." तो बघत होता. मुकाट्याने प्यादं खाली उतरवत होता. कोणी विचारत नव्हतं की काका कुठे आहेत. हरिभाऊंनी दोनदा चष्मा पुसला. आपल्यावाचून चालतंय, याचा एवढा आनंद माणसाला होतो हे त्यांना नवीन होतं.

एक प्रत स्वरूपने आठवण म्हणून वर आणून दिली. मालिनीबाईंनी ती हातात घेतली. तळाशी, लग्नपत्रिकेला शोभेल अशा अक्षरात लिहिलं होतं: 'हे नियम ज्यांच्या शंकांमुळे नियम झाले ते श्री. विनोद, श्री. आप्पा, कु. अक्षया व देवरूखच्या सौ. भार्गवी यांचे आभार. होडी मुळात सौ. मालिनी यांची. त्या वेळेवर रागावून घर सोडून गेल्या, त्याबद्दल त्यांचा मी जन्मभर ऋणी आहे.'

"हे चाळीस जणांना वाटलंत?" बाई म्हणाल्या.

"पालकांनाही दिलं," स्वरूप म्हणाला.

"रागावून? मी कधी रागावले?"

"अगं, वजीर बुडवला म्हणून नाही का तू देवरूखला..."

मालिनीबाई रागावून गेल्या नव्हत्या. भार्गवीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तारीख महिनाभर आधी ठरलेली होती. त्यांनी हरिभाऊंना ती दोनदा सांगितली होती, आणि दोन्ही वेळा हरिभाऊ पटाकडे बघत "हं" म्हणाले होते.